एक लांब हाळी, दोन आखूड

रोह्याच्या पुलावर उभं राहून पेणच्या बाजूला बघितलं की डोंगरांची एक ओळ दिसते. त्यातला एक माथा बाकीच्यांपेक्षा थोडा वर आहे. सरकारी नकाशात त्याचं एक नाव आहे, डोंगरावरच्या वाडीत दुसरं. मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला दोन्ही नावं माहीत नव्हती, आणि विचारावंसंही वाटलं नव्हतं. रोह्याला लागूनच असलेल्या अष्टमी गावात आमची भाड्याची खोली होती. तिच्या मागच्या खिडकीत तो माथा पुरता मावायचा. सकाळी निळा, दुपारी करडा, संध्याकाळी परत निळा. मी तासन्‌तास त्याच्याकडे बघत बसायचे असं शेजारणी म्हणायच्या. खरं म्हणजे डोळे त्या बाजूला असायचे, एवढंच.

माझं गाव उस्मानाबादकडचं. तिकडे जमीन सपाट. उंच म्हणजे काय, तर शेताचा बांध, नाहीतर कडब्याची गंजी. शाळा गावात सातवीपर्यंत होती, म्हणून मी सातवीपर्यंत शिकले. लग्न करून रोह्याला आले, कारण नवरा इथं एका कंपनीत शिफ्टला होता. दीड वर्षाचा संसार झाला आणि काविळीत तो गेला. मी रडले नाही. लोकांनी रडवायचा प्रयत्न केला, पाणी पाजलं, पाठीवर हात फिरवले. मला त्यांचं तोंड हलताना दिसायचं. आवाज कुठून तरी लांबून यायचा.

वडिलांचं पत्र आलं. धाकटीचं जमवतोय, ते होईपर्यंत तू तिथंच राहा, आत्ता घरी आलीस तर पाहुणे दहा गोष्टी विचारतील. त्यांचं अक्षर चांगलं होतं, ओळी सरळ होत्या. वाईट वाटायला हवं होतं. मी पत्र घडी करून डब्याखाली ठेवलं. घरमालक भला माणूस, तूर्तास राहा म्हणाला. तूर्तास म्हणजे किती, ही काळजी मात्र मला रात्रंदिवस होती. बाकी सगळं बधिर आणि काळजी तेवढी जागी, अशी माझी तऱ्हा.

डोंगराच्या खांद्यावर एक वाडी आहे, वीस-पंचवीस घरांची. तिथली एक बाई आठवड्यातून दोनदा लाकडाची मोळी घेऊन अष्टमीत यायची. नवरा होता तेव्हा आम्ही तिच्याकडून लाकडं घ्यायचो. सगळे तिला बाय म्हणायचे, मीही म्हणायला लागले. वयाने माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठी, काटक, दात पुढे आलेले, त्यामुळे गप्प असली तरी हसतेय असं वाटायचं. तो गेल्यावर महिनाभर मी दार उघडलं नाही. एके दिवशी तिने मोळी दारात आपटली आणि बाहेरूनच विचारलं, "चूल पेटत नाय वाटतं?"

मी म्हटलं, नाही पेटत.

तिने मोळी तिथंच सोडली. दोन दिवसांनी परत आली, ती मोळी तशीच पडलेली. मग आत येऊन बसली आणि तुला गवत कापता येतं का म्हणाली. मी म्हटलं, ज्वारी कापलीय.

"मग हात हाय," ती म्हणाली. "उठ गो."

एवढंच बोलणं झालं. मी उठले. का उठले ते आजही सांगता येणार नाही. पण तिने बोलावलं नसतं तर माझं काय झालं असतं, हा विचार मी अजून पुरा करत नाही.

दिवाळी नुकतीच झाली होती. डोंगरावरचं गवत तेव्हा पिकतं. पेणच्या एका वखारीसाठी वाडीची माणसं ते कापून द्यायची. वखारीत ते दाबून गाठी बांधायचे आणि शहरातल्या तबेल्यांना पाठवायचे. हंगाम महिना-सव्वा महिन्याचा. त्यानंतर गवत इतकं वाळतं की कापलं तर हातात भुसा राहतो, आणि एखाद्याने विडी टाकली तर अख्ख्या माथ्याला वणवा लागतो.

मी त्या हंगामात बायच्या घरीच राहिले. घरात ती आणि तिचा नवरा. त्याला मी दादा म्हणायचे. पलीकडच्या झोपडीत तिची जाऊ, अंगावरचं मूल घेऊन.

डोंगर चढायची मला सवय नव्हती. पहिल्या दिवशी निम्म्यावर बसले तर बाया हसल्या. त्यांना वाटायचं घाटावरची माणसं म्हणजे डोंगरातली, कारण घाट चढूनच तिकडे जातात ना. आमच्याकडे डोंगरच नाही म्हटल्यावर जाऊबाईने काम थांबवून विचारलं, "मग सूर्य कुठून उगवतो गो तुमच्यात?"

"शेतातून," मी म्हटलं.

त्या आठवडाभर हसत होत्या. एकमेकींना सांगायच्या, हिच्या बापाच्या शेतात सूर्य पिकतो.

तो डोंगर मला पायांनी कळला, डोळ्यांनी नंतर. पायथ्याला भाताची खाचरं, तेव्हा कापून रिकामी झालेली. मग साग. सागाची पानं पायाखाली पापडासारखी मोडायची. त्याच्या वरच्या अंगाला ऐन आणि किंजळाची झाडं, तिथं थोडी सावली. पुढे कारवीची दाटी, माणसाच्या उंचीची. त्यातून वाकून जायचं, आणि बाहेर पडलं की एकदम वाडीची माची, म्हणजे डोंगराला मध्येच आलेली सपाटी. माचीच्या वर झाडच नाही. नुसतं गवत, गुडघ्याच्या वर, तांबूस, आणि मध्ये मध्ये काळा कातळ निघालेला. कुसळी गवताची टोकं लुगड्यात घुसायची आणि दिवसभर टोचत राहायची. सगळ्यात वर माथा. आमच्या गावच्या चावडीपुढच्या पटांगणापेक्षा लहान.

माथ्यावरून पश्चिमेला कुंडलिका दिसायची, पुढे पुढे रुंद होत खाडी झालेली. उत्तरेला, हवा स्वच्छ असली तर, पेणकडची मिठागरं. त्या दिवसांत त्यांत नुसतं पाणी असायचं, चौकोन चौकोन, आरसे उन्हात टाकल्यासारखे. दक्षिणेला कंपन्यांची धुराडी. मी त्यातलं एक धुराडं ओळखायचे आणि तिकडे बघायचे नाही. पूर्वेला खांब गावाच्या बाजूने हायवे गेलेला, त्यावरच्या गाड्या मुंगीएवढ्या, आणि त्यांच्या मागे सह्याद्री, भिंतीसारखा उभा. त्या भिंतीच्या पलीकडे कुठंतरी माझं गाव. बायने एकदा बोट करून दाखवलं, ते बघ तुझं घर. मी बघितलं. भिंत दिसली.

पहाटे खालची सगळी दरी धुक्याने भरलेली असायची आणि आम्ही वर कोरड्यात. दव मात्र इतकं की परकर गुडघ्यापर्यंत भिजायचा. सकाळचा वारा घाटाकडून, गार. दुपारी तो फिरायचा आणि खाडीकडून यायचा, थोडा खारट. कापणाऱ्या बाया घड्याळ बघत नसत. वारा फिरला की भाकरी सोडायच्या.

आता घळीचं सांगते, कारण सगळं तिथं झालं.

माथ्यावरून माचीवर यायला पायवाट आहे, पण ती डोंगराला वळसा घालून येते. डोक्यावर भारा घेऊन तास लागतो. म्हणून गवत घळीतून लोटायचं. घळ म्हणजे पूर्वेच्या अंगाला डोंगर चिरल्यासारखी फट, वरून सरळ माचीपर्यंत, पावसात तिच्यातून पाणी पडतं. इतर दिवसांत कोरडी. समोर, दरीच्या पलीकडे, एक उघडा कातळकडा. गवताचा गोल मोठा भारा बांधायचा, घळीच्या तोंडाशी टेकणाचा दगड लावून त्यावर अडवून ठेवायचा, मग दगड काढून, बसून, दोन्ही पायांनी ढकलायचा. तो उड्या मारत खाली जातो. खाली एक माणूस लागतं. आलेला भारा ओढून बाजूला केल्याशिवाय दुसरा सोडता येत नाही, आणि त्यासाठी घळीच्या बुडात शिरावं लागतं.

वरच्याला खालचा दिसत नाही. म्हणून हाळी. वरच्याने एक लांब हाळी द्यायची. खालचा घळीतून बाहेर आला असेल तर तो दोन आखूड हाळ्या देणार. नसेल आला तर गप्प राहणार. मध्ये काही ओरडायचं नाही, कारण एवढ्या उंचीवर शब्द कळत नाहीत आणि भलताच घोटाळा होतो. गप्प म्हणजे थांब. त्यांच्या आजा-पणजापासून हे असंच चालत आलेलं.

तीन आठवडे मी पश्चिमेच्या उतारावर नुसतं कापत होते. वर बाय लोटायची, खाली तिची जाऊ. एके दिवशी जावेला ताप भरला. बाय म्हणाली, आज मी खाली जाते, तू वर बस, तुझे पाय घट्ट झालेत आता. टेकणाचे दगड जावेने आदल्या संध्याकाळीच वर येऊन लावून ठेवले होते. सात भारे रांगेत होते. बायने मला नियम सांगितला, माझ्याकडून वदवून घेतला आणि गेली.

तिने काम सोपवलं याचं मला फार अप्रूप वाटलं. चुकू नये, एवढंच डोक्यात.

तासाभराने मी पहिली हाळी दिली. थोड्या वेळाने उत्तर आलं: आधी एक लांब, बारीक, मग दोन आखूड. मला वाटलं, खालची पद्धत अशी असेल. आधी ऐकू आलं म्हणून सांगायचं, मग दोन. भारा सोडला. दुसऱ्यालाही तसंच. तिसऱ्याला तसंच. सहा भारे गेले. प्रत्येक वेळी एक लांब, मग दोन.

तोपर्यंत वारा फिरला होता. सातव्याला मी हाळी दिली. लांब उत्तर आलं. मी थांबले. आखूड आल्या नाहीत. आणखी थांबले. मागून वारा जोरात होता, पदर तोंडावर येत होता. मी मनात म्हटलं, आखूड वाऱ्याने नेल्या. लांब हाळी पोचते आणि आखूड पोचत नाहीत असं कसं, हे मी स्वतःला विचारलं नाही. आपण उशीर करतोय, बाय खाली खोळंबली आहे, ती म्हणेल हिला एवढंही जमत नाही, हेच मला दिसत होतं. मी दगड काढला आणि पाय लावले.

खाली सहावा भारा एका खडकामागे अडकला होता. बाय वाकून तो सोडवत होती.

मी नंतर पुन्हा हाळी दिली. लांब उत्तर आलं. मग बायकांचा गलका ऐकू आला. तो हाळीसारखा नव्हता.

मी पायवाटेने धावत खाली आले तोवर बायांनी तिला बाहेर ओढलं होतं. नडगी मोडली होती. पाय जिथं वळू नये तिथं वळला होता. ती शुद्धीत होती, घामाने थबथबलेली, ओठ दातांवर घट्ट ओढून घेतलेले. कुणीतरी माझ्याकडे वळून विचारलं, काय झालं वर? मी तोंड उघडायच्या आत बायच बोलली.

"टेकणाचा दगड निसटला असंल," ती म्हणाली. "भारा आपसूक आला."

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

तिला झोळीत घालून, बांबूला बांधून, चौघांनी खाली नेलं. हायवेच्या जवळ एका गावात हाडवैद होता. त्याने पाय ओढून बसवला, कसला तरी पाला वाटून लावला, बांबूच्या कामट्या बांधल्या आणि दीड महिना पाय टेकू नको म्हणाला. पुन्हा डोंगर चढेल का, असं दादाने विचारलं. हाडवैद म्हणाला, चालेल. चढेल असं तो म्हणाला नाही.

आता हे लिहिताना लाज वाटते, पण पुढचे आठ दिवस मी बायवर मनातल्या मनात उपकार करत होते. मला वाटत होतं, तिने हाळी दिली आणि विसरून परत घळीत शिरली. चूक तिची, ती झाकायला दगडाचं नाव घेतलं, आणि मी गप्प राहून तिची अब्रू राखतेय. मी तिच्या वाटचं गवत कापलं. सकाळी तिला उचलून बाहेर नेलं, तिचे केस विंचरले, तांदळाच्या भाकरी शिकले आणि त्या वेड्यावाकड्या थापल्या. ती म्हणायची, ही भाकर हाय का नकाशा? मी हसायचे. आत काही हलायचं नाही.

नवव्या दिवशी दुपारी दादाने मला वर पाठवलं. आता लोटायचं काम तो करायचा. वर किती भारे बांधून झालेत ते मोजून ये म्हणाला. मी घळीच्या तोंडाशी गेले. बाजूच्या खडकावर चढलं तर तिथून माचीचा दुसरा कोपरा दिसतो. तिथं सगळे भाकरी खायला गोल बसलेले होते, दादासकट. वर आले एवढं कळवावं म्हणून मी हाळी दिली.

उत्तर आलं. एक लांब, बारीक.

खाली कुणी मान वर केली नव्हती. एकजण पाणी पीत होता.

मी परत हाळी दिली. परत आली. मग मी नुसताच एक आवाज काढला, ज्याला हाळी म्हणता येणार नाही, खोकल्यासारखा. समोरच्या कड्याने तोही परत दिला.

आमच्या मळ्यातल्या विहिरीत वाकून ओरडलं की विहीर बोलते, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण विहीर लगेच बोलते. आवाज तोंडातून निघतो न निघतो तोच वर येतो. हा कडा वेळ लावत होता, एखादं माणूस ऐकून, विचार करून, मग बोलतं तसा. डोंगर बोलतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि का सांगतील? वाडीतल्या रांगत्या पोराला ते माहीत होतं. पाणी ओलं असतं असं कुणी कुणाला सांगत नाही.

मी तिथं खाली बसले. बाय गप्प होती. सातव्या वेळी ती नियमाप्रमाणे गप्प होती, आणि मी माझ्याच आवाजाला उत्तर समजून भारा सोडला होता. शिवाय दोन आखूड यायला हव्यात हे मला सांगितलेलं होतं, आणि त्या आल्या नव्हत्या, हे मला त्याही वेळी कळलेलं होतं.

भारे मोजले. चार होते. खाली येऊन दादाला चार सांगितले. भाकरी खाल्ली.

मी कुणाला काही बोलले नाही. आधी वाटलं उद्या सांगू. मग वाटलं, सांगून पाय जोडला जाणार आहे का? मग वाटलं, हाकलतील. अष्टमीची खोली तूर्तासचीच होती, बापाचं दार बंद होतं, मी जाणार कुठं? अशी कारणं लावायला मी हुशार होते. आणि तेवढ्यात एक वाईट गोष्ट घडत गेली, ती मी डोळ्यांनी बघत होते.

दगड निसटला म्हटल्यावर, दगड लावला कुणी, हे ओघाने आलंच. जावेने लावला होता. दादा पहिल्या दिवशी काही बोलला नाही. चौथ्या दिवशी म्हणाला, कामात लक्ष नसतं. पुढे म्हणाला, हिच्यापायी माझी बायको लुळी झाली. जाऊ शपथा घ्यायची, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून सांगायची की दगड पक्का होता, मी हलवून बघितला होता. बाय म्हणायची, दगडाचं काय मनावर घेतेस. पण दादाने तिच्याकडून पाणीसुद्धा घ्यायचं सोडलं. मग जावेने आमच्या अंगणात यायचं सोडलं. दोन झोपड्यांच्या मध्ये पाच पावलांचं अंतर, आणि ती लांबच्या वाटेने पाण्याला जायला लागली. मला सूर्यावरून हसणारी बाई माझ्यापुढून मान खाली घालून जायची.

हंगाम संपायला चार दिवस असताना वडिलांचं दुसरं पत्र आलं. वखारीचा मुकादम ते अष्टमीहून घेऊन आला. धाकटीचं जमलं, लग्न माघात, आता यायला हरकत नाही. बायने विचारलं काय लिहिलंय. मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, बरं झालं.

म्हणजे मला जाता येत होतं. गवत संपवायचं, सगळ्यांच्या पाया पडायचं, हायवेवर एस.टी. धरायची. कुणाला कधी कळलं नसतं. दगडाचा दोष वाडीत राहिला असता आणि मी भिंतीपलीकडे. त्या रात्री मी माझं गाठोडं बांधूनही ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा खाली मुकादमाबरोबर होता. बाय ओसरीवर पाय लांब करून बसली होती, सुपात तांदूळ निवडत. मी तिच्यासमोर उकिडवी बसले आणि सांगितलं. सगळं, क्रमाने. सहा वेळा काय ऐकलं, सातव्या वेळी काय ऐकलं, कड्याचं कधी कळलं. माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा वाटत होता, शाळेत धडा वाचल्यासारखा सपाट.

ती तांदूळ निवडत राहिली.

"माहीत हाय," ती म्हणाली.

मला समजलं नाही.

"मी गप्प होते ते मला माहीत नाय? भारा वरून आला तो तू सोडल्याबगर आला? टेकणाचा दगड निसटून आलेला भारा आडवा येतो गो. हा सरळ आला."

मी विचारलं, मग बोलली का नाहीस.

"बोलले असते तर तुला त्याच दिवशी काढली असती यांनी. कुठं गेली असतीस, त्या खोलीत? परत खिडकीला बसली असतीस." तिने एक खडा काढून टाकला. "मला वाटलं आज सांगशील, उद्या सांगशील. पंधरा दिवस झाले."

मी म्हटलं, चुकले.

"वर तुला मीच बसवली. डोंगर बोलतो ते सांगितलं नाय, ती माझी चूक. ती मी पायावर घेतली." मग पहिल्यांदा तिने सूप खाली ठेवलं. "पण त्या बाईने काय केलं गो? मला सांगून काय उपेग. तिला जाऊन सांग. यांनाबी सांग. मग तुझ्या गावाला जायचं तर जा."

ती रागावली असती तर सोपं झालं असतं. मी पाच पावलं चालत गेले. जाऊ भांडी घासत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. तिने राखेचा हात तसाच ठेवून ऐकलं.

"तुमच्यात आवाज परत येत नाय?" तिने विचारलं.

"विहिरीत येतो."

"मग ह्यो काय निराळा?" ती म्हणाली, आणि पुढचं पातेलं घेतलं.

दादाला संध्याकाळी सांगितलं. तो माझ्याशी पावसाळ्यापर्यंत बोलला नाही. पण त्याच रात्री तो जावेच्या दारात जाऊन उभा राहिला, आणि आत न जाता, मूल जेवलं का एवढं विचारून परत आला. सकाळी जाऊ आमच्या अंगणातून पाण्याला गेली.

मला कुणी जा म्हणालं नाही. राहा असंही कुणी म्हणालं नाही. गाठोडं चार दिवस बांधलेलं होतं, मग एका दिवशी त्यातलं लुगडं लागलं म्हणून सोडलं. वडिलांना लिहिलं की इथं एका बाईचा पाय मोडलाय, तो बरा होईपर्यंत थांबते. ते खरं होतं. पाय कसा मोडला ते लिहिलं नाही. लग्नाला गेले नाही. नंतर धाकटीने पत्रात लिहिलं की, ताई, तू यायला हवी होतीस. मी ते वाचलं आणि जपून ठेवलं.

बायचा पाय सांधला, पण पाऊल बाहेरच्या बाजूला राहिलं. मोळी घेऊन अष्टमीला जाणं संपलं, ते मी करायला लागले. पूर्वीच्या घरमालकालाही लाकडं विकली. तो ओळखून हसला. मी हसले.

पुढच्या वर्षी गवत पिकलं तेव्हा बाय म्हणाली, ओढाओढी मला जमणार नाय, पण बसून लाथ मारता येईल. काठी घेऊन, बसत उठत, सकाळी निघून ती वारा फिरायच्या सुमाराला माथ्यावर पोचली. खाली कोण, असा प्रश्न आला. जाऊ माझ्याकडे बघून म्हणाली, हिलाच घाला, शिकंल.

मी घळीच्या बुडाशी उभी राहिले. खालून घळ वेगळीच दिसते. वर आभाळाची एक पट्टी, बाकी काही नाही. खडकाला गवत चिकटलेलं, मातीचा गार वास. पहिला भारा कुठून येणार ते दिसत नाही, म्हणून मान दुखेपर्यंत वर बघत राहावं लागतं.

वरून लांब हाळी आली. मी घळीतून बाहेर आले, पावलं मोजून दहा, आणि दोन आखूड दिल्या.

काही आलं नाही. भारा नाही, काही नाही. मग परत लांब हाळी. मला वाटलं माझा आवाज पोचला नाही. मी जोर लावून परत दोन दिल्या. पुन्हा शांतता. पुन्हा लांब हाळी.

तीन वेळा तिने विचारून खात्री केली. तिचं काही चुकलं नाही. मी तिन्ही वेळा दोन दोन दिल्या, आणि मग भारा आला.